जुन्या टीव्ही गेमचा व्हिडिओ रेकॉर्ड करताना: नाशिकच्या नवशिक्यांसाठी

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या अनेक नाशिककरांच्या माळ्यावर अजून एखादा टीव्ही गेम पडून असतो. समुराई, मीडिया, लिटल मास्टर असं काहीतरी नाव, वायर गुंडाळलेले दोन रिमोट आणि लेबल निघालेल्या चार कॅसेटी. काही घरांत त्याच्या जोडीला प्लेस्टेशन १ किंवा २ असतो. तो परत सुरू करून त्याचा व्हिडिओ काढावा असं वाटलं की बहुतेक जण मोबाइल टीव्हीसमोर धरतात. त्यात पडद्यावरून सरकणारे काळे पट्टे येतात, खोलीतला दिवा काचेत दिसतो आणि गेमच्या आवाजात पंख्याचा आवाज मिसळतो. मशीनमधून निघणारा सिग्नल थेट कॉम्प्युटरमध्ये घेतला तर यातलं काहीच होत नाही, आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. मशीनने सेकंदाला जितकी चित्रं दाखवली, तितकी सगळी व्हिडिओत उतरली पाहिजेत. खाली जे जे सांगतो आहे, ते याच हिशोबाने.

आधी आपलं मशीन ओळखा

मशीन उलटं करा आणि मागच्या पिना पाहा. आपल्याकडचे कॅसेटवाले गेम बहुतेक करून निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल आहेत. मूळ फॅमिकॉम १९८३ साली जपानमध्ये आला. नकलेच्या मागे साधारणपणे एक अँटेनाची पिन असते आणि शेजारी दोन गोल पिना, पिवळी चित्राची आणि लाल किंवा पांढरी आवाजाची. आवाज एकच, म्हणजे मोनो. पिवळी पिन असेल तर काम सोपं झालं.

फक्त अँटेनाची पिन असेल तरी अडत नाही. घरात जुना व्हीसीआर असेल तर गेमची वायर त्याच्या अँटेना इनपुटला लावा, पूर्वी टीव्हीवर शोधायचो तसं गेमचं चॅनल त्यावर शोधा आणि व्हीसीआरच्या एव्ही आउटमधून पिवळी-पांढरी वायर काढा. पिक्चर ट्यूबच्या काही टीव्हींना मागे ‘एव्ही आउट’ लिहिलेल्या पिना असतात, त्यांच्यावर टीव्हीने पकडलेलं चॅनलच बाहेर येतं. चित्र थोडं दाणेदार मिळेल, पण मिळेल.

प्लेस्टेशन १, २ आणि ३ यांच्या मागचा चपटा एव्ही सॉकेट एकाच आकाराचा आहे, म्हणून केबल एकमेकांना बसतात. पण बसली म्हणजे चालली असं नाही. पाच पिनांची कंपोनंट केबल, म्हणजे हिरवी, निळी, लाल चित्रासाठी आणि लाल, पांढरी आवाजासाठी, प्लेस्टेशन २ आणि ३ वर चालते. प्लेस्टेशन १ मधून कंपोनंट सिग्नल निघतच नाही. त्याला पिवळी पिन किंवा एस-व्हिडिओ, म्हणजे पिवळ्या पिनेपेक्षा स्वच्छ चित्र देणारी वेगळी गोल पिन.

प्लेस्टेशन ३ ला एचडीएमआय आहे म्हणून आनंदाने कॅप्चर कार्डला, म्हणजे बाहेरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणाला, लावाल तर काळा पडदा दिसेल. त्याच्या एचडीएमआयवर एचडीसीपी नावाचं कुलूप कायम लागलेलं असतं आणि ते सेटिंगमधून निघत नाही. त्याचं रेकॉर्डिंग कंपोनंट केबलनेच करायचं, तीही ७२०पी, म्हणजे ७२० ओळींचं, सुंदर चित्र देते. हातात धरायच्या मशिनांपैकी पीएसपीचं पहिलं मॉडेल टीव्हीला जोडता येत नाही. २००० मॉडेलमधून गेमचं चित्र फक्त कंपोनंटने येतं आणि ३००० मधून साध्या पिवळ्या पिनेनेही.

सेकंदाला साठ चित्रं, आणि ती कुठे हरवतात

हा भाग सावकाश वाचा. पुढचा सगळा खर्च आणि सगळी सेटिंग्ज याच्यावर ठरतात.

जुना टीव्ही एका चित्रासाठी आधी एकाआड एक ओळी काढायचा, मग मधल्या राहिलेल्या ओळी. दूरदर्शन असंच येत होतं. अर्धं चित्र, पुन्हा अर्धं चित्र, दोन्ही मिळून एक पूर्ण. आपल्या पाल पद्धतीत अशी ५० अर्धी चित्रं सेकंदाला येतात, अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत जवळपास ६०.

जुन्या गेम मशिनांनी इथे एक वेगळीच वाट काढली. दोन अर्ध्या चित्रांमध्ये अर्ध्या ओळीचा फरक असतो, त्यावरून टीव्हीला कळतं की आता मधल्या ओळी काढायच्या. फॅमिकॉम, सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह, प्लेस्टेशन १ यांनी तो फरकच ठेवला नाही. त्यामुळे टीव्ही दर वेळी त्याच ओळींवर नवीन चित्र काढत राहिला. चित्र २४० ओळींचं, पण प्रत्येक वेळी पूर्ण, आणि सेकंदाला ५० किंवा ६० वेळा. याला २४०पी म्हणतात. धावणारा मारिओ इतका सुळसुळीत दिसतो तो यामुळे.

स्वस्त कॅप्चर कार्डाला हे माहीतच नसतं. त्याच्यासाठी पिवळ्या पिनेतून येणारं सगळं दूरदर्शनसारखं. ते दोन वेगवेगळी पूर्ण चित्रं घेतं, एकात एक विणतं आणि एक चित्र म्हणून पुढे पाठवतं. म्हणजे ६० ची झाली ३०. धावणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात त्या याच विणकामाच्या.

यात खरं नुकसान कुठे होतं ते सांगतो. फॅमिकॉममध्ये एका ओळीवर आठपेक्षा जास्त हलती चित्रं दाखवता येत नाहीत. जास्त झाली की गेम लिहिणाऱ्यांनी ती आळीपाळीने दाखवली, एका चित्रात ही आठ, पुढच्यात ती. मार लागल्यावर आपला माणूस लुकलुकतो, तोसुद्धा पुष्कळ गेममध्ये एकाआड एका चित्रात दाखवलेला असतो. आता अशा व्हिडिओतून दर दोन चित्रांतलं एक टाकून दिलं तर काय होईल? लुकलुकणारा माणूस एक तर पूर्ण गायब होईल, नाहीतर अजिबात न लुकलुकता दिसेल. गोळी कुठून आली ते कळणार नाही. बघणाऱ्याला वाटेल खेळणारा आंधळेपणाने खेळतो आहे. कॉन्ट्रासारख्या गेमचे असे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगाने पडले आहेत. गेम तसा नव्हता, त्याचं रेकॉर्डिंग तसं आहे, आणि मला हे मनापासून खटकतं. ज्या मुलाने मूळ मशीन कधी पाहिलंच नाही, त्याच्यासाठी तो व्हिडिओ हाच गेम असतो.

प्लेस्टेशन २ चे बहुतेक गेम मात्र खरोखरच अर्धी-अर्धी चित्रं पाठवतात, त्याला ४८०आय किंवा पालमध्ये ५७६आय म्हणतात. त्याचा इलाज वेगळा आहे, तो पुढे येतो.

काय विकत घ्यायचं

पिवळ्या पिनेसाठी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे ‘ईझीकॅप’ नावाने मिळणारी यूएसबी वायर. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पिवळी, लाल, पांढरी आणि एस-व्हिडिओ. काही शे रुपयांत मिळते. एकाच नावाच्या डब्यात आत वेगवेगळ्या चिप असतात, म्हणून एकाचं चांगलं चालतं आणि दुसऱ्याचं ओळखलंही जात नाही. घेताना परत करायची सोय आहे का ते बघा. लिनक्स वापरत असाल तर यातल्या एसटीके११६० आणि यूटीव्ही००७ या चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, वेगळं काही टाकावं लागत नाही. विंडोजवर ड्रायव्हरसाठी थोडी खटपट होऊ शकते.

ईझीकॅप घ्या असं मी नवशिक्याला का सांगतो? कारण यातल्या बऱ्याच वायरी दोन चित्रांचं ते विणकाम तसंच्या तसं कॉम्प्युटरकडे देतात. विणलेलं असेल तर उसवता येतं. त्याऐवजी ‘एव्ही टू एचडीएमआय’ची छोटी पांढरी डबी आणि तिच्यापुढे एचडीएमआय कॅप्चर लावलं, तर ती डबी स्वतःच चित्र मिसळून, पुसून, ताणून टाकते. मग उसवायला काही उरत नाही. दुकानदार तीच डबी पुढे करेल, कारण डीटीएच आणि नव्या टीव्हीसाठी तिचाच खप आहे. तुमच्या कामाला ती घेऊ नका.

पैसे जरा जास्त घालता येत असतील तर रेट्रोटिंक २एक्ससारखं यंत्र घ्या. ते पिवळी पिन, एस-व्हिडिओ आणि कंपोनंट घेतं, २४०पी हे २४०पी म्हणूनच ओळखतं आणि ओळी दुप्पट करून एचडीएमआयमधून देतं. ओएसएससी हे दुसरं नावाजलेलं यंत्र, पण त्याला पिवळी पिन चालत नाही, आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळे नेणारा सिग्नल, किंवा कंपोनंटच लागतं. दोन्ही बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी धरून हिशोब करा. सुरुवातीलाच यात पडू नका असं मी सांगेन. आधी ईझीकॅपवर हात बसू दे.

अशा यंत्रापुढे किंवा प्लेस्टेशन २ च्या कंपोनंटसाठीच्या एचडीएमआय डबीपुढे यूएसबी कॅप्चर डाँगल लागतं. स्वस्त डाँगलच्या डब्यावर ‘४के’ छापलेलं असतं. त्याचा अर्थ ते ४के सिग्नल आत घेऊ शकतं. कॉम्प्युटरला ते यूएसबी २ वरून देतं १०८०पी सेकंदाला ३० चित्रं, किंवा ७२०पी सेकंदाला ६०. जुन्या गेमसाठी नेहमी दुसरं निवडा. मूळ चित्रच २४० किंवा ४८० ओळींचं आहे, त्याला ७२० पुष्कळ झाले. चित्रं अर्धी झाली तर ते नुकसान कशानेच भरून येत नाही.

नाशिकमध्ये यूएसबी वायरी, डाँगल, चांगल्या एव्ही वायरी यांसाठी महात्मा गांधी रोडची मोबाइल-कॉम्प्युटरची दुकानं आधी फिरा. जुनी मशिनं, रिमोट आणि सुट्या कॅसेटी मात्र दुकानात शोधून मिळत नाहीत. बुधवारी गंगेवर भरणाऱ्या बाजारात जुन्या वस्तूंच्या पथाऱ्यांवर नजर टाका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओळखीच्या घरांत विचारा. सिडको, नाशिकरोड, पंचवटी, जुनं नाशिक, कुठेही मावशीच्या किंवा मामाच्या माळ्यावर एखादा सापडतोच. एस-व्हिडिओ किंवा कंपोनंट केबल गावात नाहीच मिळाली तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. एका दिवसात परत येता येतं. जाताना जुनी केबल सोबत न्या, तोंडी वर्णनावर चुकीची हातात पडते.

वीज लावण्याआधी

जुनं मशीन वर्षानुवर्षांनी थेट बोर्डाला लावू नका. अ‍ॅडॉप्टरवर काय लिहिलं आहे ते वाचा, व्होल्ट किती, एसी की डीसी, आणि गोल पिनेच्या आत अधिक आहे की उणे. मूळ फॅमिकॉम आणि पहिला मेगा ड्राइव्ह यांना डीसी लागतं आणि पिनेच्या आत उणे असतं, आज बाजारात मिळणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बहुधा उलटं. अमेरिकन निन्टेन्डोचा अ‍ॅडॉप्टर तर एसी देतो, तो फॅमिकॉमला लावला तर मशीन जळेल. आपल्या नकली मशीनवर खात्री नसेल तर जवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडून मीटर लावून घ्या. जपानहून आणलेलं प्लेस्टेशन १ किंवा जाडं प्लेस्टेशन २ हे १०० व्होल्टवर चालतं. आपल्या २३० व्होल्टवर ते लावायचं तर मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

कॅसेट लागत नाही म्हणून तिच्यात फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांच्या हाताला आहे. ती सोडा. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांवर बसते आणि गंज वाढतो. पावसाळ्यात नाशिकची हवा दमट असतेच, त्यात ही भर. मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, ते थोडं आणा. कानाच्या काडीला लावून कॅसेटच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावा. रेकॉर्डिंगच्या मध्यात पडदा अडकला तर अख्खा खेळ वाया जातो, त्यामुळे ही पाच मिनिटं वाचवू नका.

जोडणी

कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून खेळायचा विचार करू नका. कॅप्चर कार्डातून चित्र यायला वेळ लागतो, उडी मारायचं बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतो आणि खड्ड्यात पडतो. खेळायचं टीव्हीवर बघून, आणि सिग्नलची एक फांदी कॉम्प्युटरकडे न्यायची.

त्यासाठी एका पिनेच्या दोन करणारा साधा जोड वापरला तर दोन्हीकडे चित्र अंधुक होतं, कारण एकाचा सिग्नल दोघांत वाटला जातो. काही कार्डांवर चित्र डळमळतं. यावर दोन उपाय. टीव्हीला एव्ही आउट असेल तर मशीन टीव्हीला आणि टीव्ही आउटमधून कार्डाला जोडा. नाहीतर वीज लागणारा एव्ही डिस्ट्रिब्यूटर घ्या, पूर्वी केबलवाले आणि सीसीटीव्हीवाले वापरायचे तसा. पिक्चर ट्यूबचा टीव्ही घरात असेल तर तो काढून टाकू नका. २४०पी साठी त्याच्यापेक्षा चांगला पडदा नाही आणि त्याला उशीर लागत नाही.

प्लेस्टेशन २ कंपोनंटने जोडत असाल तर आधी पिवळ्या पिनेवर सुरू करून त्याच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जा आणि कंपोनंट व्हिडिओ आउटमध्ये आरजीबीऐवजी वायपीबीपीआरचा पर्याय निवडा. हे न करता केबल बदलली तर रंग विचित्र दिसतात आणि माणूस केबलला दोष देत बसतो.

ओबीएसमधली सेटिंग्ज

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ वापरा. मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं.

पहिली पायरी, सेटिंग्ज उघडून व्हिडिओमध्ये जा. बेस आणि आउटपुट दोन्ही रिझोल्यूशन १९२०×१०८० ठेवा. एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्याच्या, जागी मशीन पाल असेल तर ५०, एनटीएससी असेल तर ५९.९४ निवडा. आपल्याकडची बहुतेक कॅसेटवाली मशिनं इथल्या टीव्हीसाठी पाल केलेली असत, म्हणून आधी ५० करून बघा. प्लेस्टेशन २ च्या पुष्कळ पाल गेममध्ये सुरुवातीला ५० की ६० हर्ट्झ असं विचारतात. ६० निवडलंत तर इथेही बदला. ५० चित्रांचं मशीन ६० वर रेकॉर्ड केलं तर प्रत्येक पाच चित्रांनंतर एक चित्र दोनदा येतं, आणि सरकत्या पार्श्वभूमीला बारीक हिसके बसतात.

दुसरी पायरी, सोर्सेसमध्ये व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस जोडा आणि आपलं कार्ड निवडा. रिझोल्यूशन ‘कस्टम’ करा. पालसाठी ७२०×५७६, एनटीएससीसाठी ७२०×४८०. कार्डाच्या कॉन्फिगरमध्ये व्हिडिओ स्टँडर्ड असतं, तिथे पाल_बी किंवा एनटीएससी_एम निवडा. स्टँडर्ड चुकलं की चित्र काळं-पांढरं होतं किंवा वर-खाली फिरत राहतं. घाबरू नका, दुसरं निवडा. नकली मशिनांचा सिग्नल थोडा वाकडा असतो. जुना टीव्ही तो सहज सामावून घ्यायचा, काही कार्डं मात्र मध्येच निळा पडदा दाखवतात. असं झालं तर दुसऱ्या चिपची वायर वापरून बघण्याला पर्याय नाही.

तिसरी पायरी ही सगळ्यात महत्त्वाची. सोर्सवर राइट क्लिक करा आणि डीइंटरलेसिंग, म्हणजे ते विणकाम उसवायची सोय, उघडा. कॅसेटवाला गेम, मेगा ड्राइव्ह, प्लेस्टेशन १ यांच्यासाठी ‘रेट्रो’ निवडा. हा पर्याय विणलेली दोन चित्रं वेगळी करतो आणि एकामागून एक दाखवतो. २५ ची पुन्हा ५० झाली, ३० ची ६०. प्लेस्टेशन २ साठी ‘याडिफ २एक्स’ निवडा, तो अर्ध्या चित्रांमधल्या राहिलेल्या ओळी अंदाजाने भरतो. नावात ‘२एक्स’ नसलेले पर्याय चित्रं निम्मी करतात, त्यांना हात लावू नका. अपवाद फक्त ‘रेट्रो’चा.

त्याच यादीत खाली ‘टॉप फील्ड फर्स्ट’ आणि ‘बॉटम फील्ड फर्स्ट’ असे दोन पर्याय असतात. गेममधला माणूस दोन पावलं पुढे एक पाऊल मागे असा थरथरत चालला तर क्रम उलटा आहे, दुसरा पर्याय निवडा. लगेच फरक दिसतो.

रेट्रोटिंकसारखं यंत्र आणि एचडीएमआय डाँगल वापरत असाल तर डीइंटरलेसिंग बंद ठेवा. तिथे रिझोल्यूशन १२८०×७२०, एफपीएस मशीनप्रमाणे ५० किंवा ६० आणि व्हिडिओ फॉरमॅट एमजेपीईजी निवडा. दुसऱ्या फॉरमॅटवर यूएसबी २ ला तेवढी चित्रं पेलत नाहीत.

चौथी पायरी, आकार. जुने गेम ४:३ टीव्हीसाठी आहेत. ते १६:९ भरून टाकायला ताणले की मारिओ आडवा फुगतो. कडेचं काळं आणि पडद्याच्या काठावरचा लुकलुकणारा कचरा आधी कापा, आल्ट दाबून कड आत ओढली की कापलं जातं. हा कचरा जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे लपायचा, म्हणून आपल्याला कधी दिसला नाही. मग कंट्रोल आणि ई दाबून ट्रान्सफॉर्म उघडा, आकार १४४०×१०८० करा आणि चित्र मधोमध आणा. दोन्ही बाजूंना काळी जागा राहील, ती राहू द्या.

पाचवी पायरी, आउटपुट. रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतची एमकेव्ही फाइल शाबूत राहते, साधी एमपी४ बहुधा उघडत नाही. नंतर फाइल मेनूतल्या रिमक्स रेकॉर्डिंग्जने काही क्षणांत एमपी४ करता येते. बिटरेट २० एमबीपीएस ठेवला तर तासाला साधारण ९ जीबी जागा लागते. एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करू नका, तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आवाज

ईझीकॅपचा आवाज कॉम्प्युटरला वेगळं उपकरण म्हणून दिसतो. तो ऑडिओ इनपुट कॅप्चर म्हणून जोडा. कॅसेटवाल्या गेमची एकच आवाजाची पिन असल्याने आवाज एकाच कानात येईल. अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये ‘मोनो’वर खूण करा, दोन्ही कानांत येईल.

सतत घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा आहे. टीव्ही, गेम आणि लॅपटॉप तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, आणि तो बोर्ड खऱ्या अर्थिंगच्या तीन पिनी सॉकेटला लावा. जुन्या वाड्यांत अर्थिंग असेलच असं नाही, तिथे बॅटरीवरच रेकॉर्ड करा. स्वस्त इन्व्हर्टरवर घर चालू असताना आवाजात आणि चित्रात खरखर येऊ शकते, म्हणून वीज असतानाच बसा.

बोलत बोलत खेळायचं असेल तर माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर टाका. अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये गेमला ट्रॅक १ आणि २, माइकला ट्रॅक १ आणि ३ द्या, आणि आउटपुटमध्ये तिन्ही ट्रॅकवर खूण करा. मग पहिल्या ट्रॅकवर दोन्ही एकत्र मिळतं, आणि नंतर गेमचा आवाज कमी-जास्त करायचा झाला तर वेगळेही मिळतात. बोला मराठीतच. ‘इथून खाली उडी मार, लपलेली खोली आहे’ हे आपण गल्लीत ज्या शब्दांत एकमेकांना सांगितलं, त्या शब्दांत हे गेम कुणी नोंदवलेले फारसे सापडत नाहीत.

आधी एक मिनिट

पूर्ण गेम खेळायच्या आधी एक मिनिटाची चाचणी घ्या. आपल्या माणसाला मुद्दाम मार लागू द्या आणि तो लुकलुकत असतानाचा तुकडा रेकॉर्ड करा. तो व्हीएलसीमध्ये उघडा आणि ई दाबत एकेक चित्र पुढे सरकवा. माणूस दिसणारी आणि न दिसणारी चित्रं आळीपाळीने आली तर सगळं बरोबर आहे. अर्धपारदर्शक भूत दिसलं तर कुठेतरी दोन चित्रं मिसळली जात आहेत, आणि कंगव्याच्या रेघा दिसल्या तर डीइंटरलेसिंग लागलेलं नाही.

मग आवाज तपासा. उडी मारतानाचा आवाज पाय जमिनीवरून सुटतानाच आला पाहिजे. पुढे-मागे असेल तर सिंक ऑफसेटमध्ये मिलिसेकंद टाका, ५० पासून सुरुवात करा.

यूट्यूबवर टाकताना

यूट्यूब ५० किंवा ६० चित्रं फक्त ७२०पी आणि त्यावरच्या व्हिडिओला देतं. ४८०पी मध्ये टाकलेला व्हिडिओ ३० वर येतो आणि आपली सगळी मेहनत जाते. १०८०पी ठीक आहे. १४४०पी करून टाकलात तर यूट्यूब सहसा चांगल्या दर्जाने साठवतं, आणि २४० ची सहापट बरोबर १४४० असल्याने ओळीही सारख्या मोठ्या होतात. मोठं करताना स्केल फिल्टरिंगमध्ये ‘पॉइंट’ निवडलं की चौकोनी ठिपके धारदार राहतात.

गेमचे हक्क कंपनीचेच असतात, हे ध्यानात ठेवा. निन्टेन्डोने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या नियमांनुसार स्वतःची भर, उदाहरणार्थ समालोचन, असलेल्या व्हिडिओंना आणि त्यांतून यूट्यूबच्या पद्धतीने मिळणाऱ्या कमाईला त्यांची हरकत नाही. गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये खऱ्या गायकांची गाणी असतात, त्यांवर दावा येतो. तो टाळायचा तर गेमच्या ऑप्शनमध्ये संगीत बंद करून फक्त इंजिनाचा आवाज ठेवा.

मूळ एमकेव्ही फाइल जपून ठेवा, यूट्यूबवरची प्रत दाबलेली असते. आणि वर्णनात मशीनचं नाव, पाल की एनटीएससी, कोणती पिन, कोणतं कार्ड हे लिहा. कॅसेटच्या लेबलचा आणि शक्य असेल तर मशीनच्या खालच्या बाजूचा फोटो जोडा. आपल्याकडच्या ‘९९९९ इन १’ कॅसेटींमध्ये नाव बदललेले, मधूनच सुरू होणारे, जास्त जीव दिलेले कितीतरी गेम आहेत आणि कोणत्या कॅसेटमध्ये काय होतं याची यादी कुणी ठेवलेली नाही. म्हणून अशी कॅसेट हाती लागली तर खेळायच्या आधी तिचा पूर्ण मेनू, शेवटच्या पानापर्यंत, सावकाश सरकवत रेकॉर्ड करा.